गायीच्या पोटातली चूल ओळखा, उन्हाळ्यात दूध टिकवा



गुढीपाडवा झाला की आपल्या सोलापूर भागात ऊन तापायला लागतं आणि त्याच सुमारास डेअरीच्या वहीतले दुधाचे आकडे खाली यायला लागतात. मग गावात गेलं की हमखास एक प्रश्न येतो, "साहेब, वैरण तेवढीच, पेंड तेवढीच, मग दूध गेलं कुठं?" कुणी पेंडीला दोष देतो, कुणी म्हणतो गायीला दृष्ट लागली, कुणी डेअरीच्या मापावर संशय घेतो. खरं कारण गायीच्या पोटात असतं. ते एकदा नीट समजून घेतलं तर बिनखर्चाच्या किंवा थोड्या खर्चाच्या उपायांनी पुष्कळ नुकसान टळतं. आज त्याबद्दलच दोन गोष्टी सांगणार आहे. त्यातली एक माझ्या स्वतःच्या चुकीची आहे. ती आधी सांगतो, म्हणजे बाकीचं समजायला सोपं जाईल.

चूक कुठे झाली?

गोष्ट २०२२ च्या एप्रिलातली. त्या वर्षी मार्चपासूनच ऊन कडक होतं. सांगोला तालुक्यातल्या एका वस्तीवर सहा संकरित गायींचा गोठा आहे. मालक तिशीतला, कष्टाळू मुलगा. दोन गायी पतसंस्थेच्या कर्जावर घेतलेल्या, हप्ता दुधाच्या पगारातून वळता व्हायचा. घरात त्याची बायको आणि म्हातारी आई. आईला सगळी वस्ती आक्का म्हणते. मार्चात त्याची चांगली गाय दिवसाला १४ लिटर देत होती, ती एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात १० वर आली. त्यानं मला बोलावलं.

मी शेतकी पदविका झालेला विस्तार अधिकारी. पशुवैद्य नव्हे, पण खाद्याचा हिशेब शिकलेला. गव्हाणीत कडबा उरलेला दिसला. मी म्हणालो, "गाय कमी खातेय, ऊर्जा कमी पडतेय. दुपारी बारा-एकच्या सुमारास दीड किलो पेंड जादा सुरू करा." त्यानं उधारीवर पेंड आणली आणि मी सांगितलं तसंच केलं.

आठव्या दिवशी दुपारी साडेतीनला त्याचा फोन आला. गाय खाली बसली होती, तोंड उघडं, जीभ बाहेर, लाळेची तार लागलेली. तालुक्याहून डॉक्टर आले. थर्मामीटर १०६ अंश फॅरनहाइटवर गेला होता. गायीचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२ च्या आसपास असतं. अंगावर पाणी, पंखा, सलाईन असं सगळं करून गाय वाचली. पण दूध चार लिटरवर आलं ते त्या वेतात वर चढलं नाही, आणि दिवाळी उलटून गेली तरी ती गाभण राहिली नाही. हप्ते थकले. शेवटी घरची एक कालवड विकावी लागली.

त्या पोरानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. पण चूक माझी होती. ऊर्जा कमी पडत होती हे बरोबर, पण ती कोणत्या वेळी पोटात टाकायची याचा विचार मी केलाच नव्हता.

पोटात पेटलेली चूल

जनावराचं शरीर म्हणजे सतत पेटलेली चूल आहे. चारा हे जळण. फ्रान्सचे शास्त्रज्ञ लव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात गिनीपिग हा लहान प्राणी बर्फाने वेढलेल्या पेटीत ठेवला आणि त्याच्या अंगच्या उष्णतेनं किती बर्फ वितळतो ते मोजलं. श्वास घेणं म्हणजे एक प्रकारचं मंद जळणच आहे, हे त्यातून पुढे आलं. नंतर गायी-बैल मावतील एवढ्या बंद खोल्या बांधून त्यांची उष्णता मोजली गेली. आजचे खाद्याचे सगळे तक्ते अशाच मोजमापांवर उभे आहेत.

आता आपल्या गोठ्यातला हिशेब बघा. ४०० किलो वजनाची भाकड गाय नुसती उभी राहिली तरी साधारण ५०० वॅट उष्णता बाहेर टाकते, म्हणजे शंभराचे पाच पिवळे बल्ब. तीच गाय १४ लिटर दूध देत असेल तर आकडा ८०० वॅटच्या आसपास जातो. २० लिटरची गाय जवळपास एक किलोवॅटची शेगडीच समजा. अशा सहा दुभत्या गायी पत्र्याच्या गोठ्यात बांधल्या म्हणजे आत पाच किलोवॅटच्या शेगड्या रात्रंदिवस पेटलेल्या आहेत. वरून पत्र्याची धग येते ती वेगळी.

दूध वाढलं की उष्णता का वाढते? कारण दूध फुकट होत नाही. एक लिटर गायीच्या दुधात सुमारे ७५० किलोकॅलरी ऊर्जा असते. ४०० किलोच्या गायीला नुसतं जगायला जेवढी ऊर्जा लागते, जवळपास तेवढीच आणखी नऊ-दहा लिटर दुधाला लागते. म्हणजे दहा लिटरची गाय दोन गायींचं खाते आणि त्या खाण्याची धगही तिलाच सोसावी लागते. म्हणून उन्हाळ्यात आधी ढासळते ती गोठ्यातली सगळ्यात चांगली गाय. भाकड गाय निवांत रवंथ करत असते. पुष्कळांना याचं नवल वाटतं, पण त्यात नवल काही नाही.

शंभर रुपयांच्या वैरणीचा हिशेब

समजा, तुम्ही गायीला शंभर रुपयांची ऊर्जा खाऊ घातली. त्यातले तीस ते चाळीस रुपये शेणातून बाहेर जातात. गोबर गॅस असेल तर त्यातला काही भाग चुलीवर परत मिळतो. दहाएक रुपये मूत्रातून आणि ढेकरेच्या वायूतून जातात. उरले पन्नास-साठ. त्यातले निम्म्याहून जास्त उष्णता होऊन अंगातून निघून जातात. चांगल्या दुभत्या गायीच्या बाबतीत शेवटी दुधात उतरतात ते पंधरा ते पंचवीस रुपये.

ही उष्णता काही सगळी वाया गेलेली नसते. त्यातूनच काळीज चालतं, श्वास चालतो, हिवाळ्यात अंग गरम राहतं. पण उन्हाळ्यात ती जड होते. पोटात चारा आंबताना, पचताना जी खास उष्णता तयार होते ती खाल्ल्यावर तीन-चार तासांनी सर्वांत जास्त असते. बारा-एकला टाकलेल्या पेंडीची धग तीन-चारला अंगात भरते, आणि नेमकं तेव्हाच बाहेरचं ऊनही कळसाला असतं. माझा सल्ला गायीच्या जिवावर आला तो इथेच.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. सुका, जाडाभरडा कडबा पचवताना धग जास्त आणि हाती लागणारी ऊर्जा कमी. कोवळी हिरवी वैरण, चांगला मुरघास आणि पेंड यांत तेवढ्याच ऊर्जेमागे धग कमी. म्हणून उन्हाळ्यात चांगल्यात चांगला चारा दुभत्या गायीला राखून ठेवावा आणि सरमाड भाकडांना घालावं. पण कडबा अजिबात बंदही करू नये. कोरडा चारा तुटला की पोटात आंबट वाढतं आणि फॅट कोसळते.

उष्णता बाहेर पडते कशी?

गायीच्या अंगातून उष्णता दोन वाटांनी जाते. अंगापेक्षा हवा थंड असेल तर ती आपोआप हवेत जाते. दुसरी वाट घामाची आणि श्वासाची. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, जसं मडक्यातलं पाणी गार होतं तसं. गायीचं अंग साधारण साडेअडतीस अंश सेल्सिअस. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी हवाच चाळीसच्या पुढे जाते. म्हणजे पहिली वाट बंद. उलट हवेतली उष्णता गायीत शिरते. राहतो तो घाम आणि श्वास.

एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतं. १४ लिटरच्या गायीला दिवसाची सगळी उष्णता याच वाटेनं काढायची म्हटली तर २५ ते ३० लिटर पाणी हवेत सोडावं लागेल. १४ लिटर दुधात १२ लिटर तर पाणीच असतं. शेणा-मूत्राचं वेगळं. म्हणून उन्हाळ्यात दुभत्या गायीला ८० ते १०० लिटर पाणी लागतं. दिवसातून दोनदा बादली दाखवून हे कसं भागणार?

त्यातून ती धापा टाकते तेव्हा त्या धापेलाही ऊर्जा जाते. उष्णतेचा ताण सौम्य असला तरी जगण्याचा खर्च सात-आठ टक्के वाढतो आणि जोरात धाप लागली तर पंचवीस टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे गाय खाते कमी आणि जाळते जास्त. तुटीचा पहिला वार दुधावर आणि दुसरा गाभण राहण्यावर. उन्हाळ्यात माज मुका येतो, कमी वेळ टिकतो, आणि रेतन झालं तरी पहिल्या आठवड्यातच गर्भ मरण्याचं प्रमाण वाढतं.

आक्कांचं म्हणणं

गाय सावरल्यावर मी पुन्हा वस्तीवर गेलो. आक्का गोठ्याबाहेर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "सायेब, रागावू नगा, पर आमच्या घरात बैलाला दुपारी वैरण टाकत न्हवते. दुपारी सावलीला बांधायचं, पाणी पाजायचं. वैरण रातच्याला. रातभर खात्यात अन् रवंथ करत बसत्यात."

मी गप्प राहिलो. पुस्तकात मी जे शिकलो होतो तेच आक्का साध्या शब्दांत सांगत होत्या. जुने लोक पहाटे औत धरायचे आणि ऊन डोक्यावर यायच्या आत सोडायचे, त्यामागेही हेच आहे. बैल औत ओढतो तेव्हा त्याच्या स्नायूंनी जाळलेल्या ऊर्जेतला साधारण चौथा हिस्सा कामाला लागतो, बाकीची उष्णता होते. भर दुपारी औत ओढणाऱ्या बैलाला ती बाहेर टाकायला जागाच राहत नाही.

त्याच दिवशी आम्ही वैरणीच्या वेळा बदलल्या. पत्र्यावर उसाचं पाचट अंथरलं. गोठ्याला तीन बाजूंनी विटांची पूर्ण भिंत होती, त्यातली दोन बाजूंची भिंत कमरेएवढी ठेवून वरची काढली. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या चांगल्या गायीचं दूध १४ वरून १२ वर आलं आणि तिथेच टिकलं. सगळं नुकसान टळलं असं मी म्हणणार नाही. पण हप्ता चुकला नाही.

आपल्या खिल्लारला ऊन कसं झेपतं?

काही जण म्हणतात, मग देशी गायच बरी. यात निम्मं खरं आहे. खिल्लार, गीर, लाल कंधारी, देवणी या जातींची कातडी सैल, गळ्याखाली पोळी लोंबती, घामाच्या ग्रंथी जास्त आणि मोठ्या, केस आखूड. शिवाय त्यांची पोटातली चूलच मंद पेटते, त्यामुळे बाहेर टाकायची उष्णताही कमी. पण दूधही त्या मानानं कमी. होल्स्टीन ही थंड मुलखातली गाय. २५ अंशांच्या वर हवा गेली की तिचं खाणं कमी व्हायला लागतं. दोन्हींचा मेळ घालण्यासाठीच संकर केला गेला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं होल्स्टीन, जर्सी आणि गीर अशा तीन रक्तांतून 'फुले त्रिवेणी' गाय तयार केली, ती याच विचारानं. म्हणून गाय निवडताना नुसतं आईचं दूध बघू नका. आपला गोठा, आपलं पाणी, आपलं ऊन यांचाही हिशेब धरा.

म्हशीचं आणखी वेगळं. काळं अंग ऊन पिऊन घेतं आणि घामाच्या ग्रंथी गायीपेक्षा फार कमी. पंढरपुरी असो की मुऱ्हा, म्हैस डबक्यात जाऊन बसते ती हौस म्हणून नव्हे, अंगातली उष्णता पाण्यात सोडायला. डबकं नसेल तर दुपारी दोन-तीनदा अंगावर पाणी मारायलाच हवं. कोंबडीला तर घाम येतच नाही. तिचं अंग ४१ अंशांच्या पुढे आणि वर पिसांची गोधडी. चोच उघडून धापा टाकणं हा एकच मार्ग. म्हणून कुक्कुटपालक कडक उन्हाळ्यात दुपारचं खाद्य काढून घेतात आणि पहाटे, रात्री देतात. आक्कांच्या बैलांचाच नियम हा.

आता करायचं काय?

१) वैरणीची वेळ बदला. दिवसाच्या वैरण-पेंडीतला साठ ते सत्तर टक्के भाग संध्याकाळी ऊन उतरल्यापासून सकाळी सात-आठपर्यंत द्या. सकाळी दहा ते संध्याकाळी चारपर्यंत पेंड टाकू नका. मधे फार तर थोडी हिरवी वैरण. एकूण खाणं कमी करायचं नाही, फक्त वेळ हलवायची. वेळ एकदम न बदलता चार-पाच दिवसांत हळूहळू बदला.

२) पाणी चोवीस तास समोर ठेवा. हौद सावलीत हवा. उन्हातल्या टाकीचं तापलेलं पाणी गाय पोटभर पीत नाही. धार काढल्यावर लगेच पाणी मिळेल असं बघा, कारण तेव्हा ती सर्वांत जास्त पिते.

३) पत्रा झाका. वर पाचट, तुराट्या किंवा कडबा अंथरा, किंवा पत्र्याला बाहेरून चुना मारा. पाचट अंथरलं तर विजेची तार आणि विडी-काडी यांपासून जपा. नवीन गोठा बांधत असाल तर मधली उंची बारा फुटांच्या खाली ठेवू नका आणि भिंती उंच बांधू नका. जागा असेल तर मुक्त संचार गोठा करा, म्हणजे गाय आपली सावली आपण शोधते. कडुलिंबाच्या झाडाची सावली पत्र्यापेक्षा कधीही चांगली.

४) अंगावर पाणी मारा, पण वाऱ्यासकट. पुष्कळ जण गोणपाटं ओली करून चारी बाजूंनी बांधतात आणि वारा बंद करतात. मग आत दमट उकाडा साठतो आणि घाम उडत नाही. एक-दोन मिनिटं अंग भिजवा, मग दहा-पंधरा मिनिटं वारा लागू द्या, पुन्हा भिजवा. पाणी उडून जाताना उष्णता नेतं, नुसतं अंग ओलं राहून उपयोग नाही. कास आणि बसायची जागा ओली राहू देऊ नका, कासदाह होईल. पहिल्या पावसाच्या आधीच्या ढगाळ, दमट दिवसांत पाण्यापेक्षा वाऱ्यावर भर द्या.

५) मीठ आणि खनिज मिश्रण विसरू नका. घामातून आणि लाळेतून क्षार जातात. दुभत्या गायीला रोज साधारण ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि ३० ते ५० ग्रॅम मीठ द्या. पेंडीत मीठ आधीच असेल तर ते धरून हिशेब करा. खाण्याचा सोडा द्यायचा असेल तर डॉक्टरांना विचारून द्या.

६) माज पहाटे आणि रात्री बघा. रेतन थंड वेळी करून घ्या आणि नंतरचा आठवडा त्या गायीला सावलीबाहेर काढू नका.

७) तोंड उघडं पडलं, लाळ गळायला लागली, गाय खाली बसली तर आधी सावलीत घेऊन अंगावर पाणी आणि वारा सुरू करा आणि त्याच वेळी डॉक्टरांना फोन करा. ती धापा टाकत असताना नळीनं, बाटलीनं तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

शेवटी एक विनंती

या सगळ्यात महागाची वस्तू एकही नाही. वेळ बदलायला पैसा लागत नाही. पाचट बहुतेकांच्या बांधावर पडलेलंच असतं. पण गायीला त्रास होतोय हे आपल्याला उशिरा कळतं. आजचं ऊन दुधात दिसायला एक-दोन दिवस लागतात, तोवर आपण ते कारणच विसरतो आणि पेंडीच्या पोत्याला दोष देत बसतो.

म्हणून एक करा. उद्या दुपारी दोन-तीनच्या सुमारास गोठ्यात जा आणि दुभत्या गायीच्या कुशीकडे बघत उभे राहा. कूस किती वेळा हलते ते घड्याळ लावून अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. मिनिटाला तीस-पस्तीसपर्यंत असेल तर ठीक. साठच्या वर गेलं तर गायीला ऊन बाधतंय. ऐंशीच्या वर गेलं तर त्याच दिवशी सावली, पाणी आणि वारा यांची सोय करा. हे मोजायला ना साहेब लागतो ना यंत्र.

आता मी कुठल्याही गोठ्यात गेलो की पेंड किती किलो घालता हे नंतर विचारतो. आधी विचारतो, किती वाजता घालता? हे मला आक्कांनी शिकवलं, पण त्याची किंमत त्यांच्या घरानं मोजली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहिलं.